आरोपीचा मित्र

"कुत्र्याची बाजू कोणी ऐकल्यान? नाय ना? मगे निकाल खंयच्या तोंडान देतास?"

सुभेदार ओरडत होते. ओरडत होते हा शब्द मी आपला सभ्यपणे वापरतोय. देवळाच्या मंडपातली घंटा कोणी हात न लावता हलली, कौलांवरची कबुतरं उठली ती वेंगुर्ल्यात जाऊन बसली, आणि खाडीपलीकडच्या वाडीतल्या एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्याने सुनेला विचारलं, कसलो कुत्रो गो?

खटला साधा होता. सुलूमावशीने अंगणात वाळत घातलेले बांगडे गेले आणि गावातलं एक बेवारशी कुत्रं त्याच अंगणात तोंड चाटताना सापडलं. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष मी. कुत्र्याचं प्रकरण समितीपुढे यायचं खरं तर काही कारण नव्हतं, पण सुलूमावशीने काठी उचलली आणि नेमके सुभेदार रस्त्याने चालले होते. त्यांनी कुत्र्याला सुंभाने बांधून देवळात आणलं, आपलं लष्करी घडीचं स्टूल त्याच्या उजव्या अंगाला मांडलं आणि बोलायला सुरुवात केली. जेवणं झाल्यावर सुरू झालेलं भाषण दिवेलागणीला रंगात आलं. कुत्र्याची भूक, कुत्र्याचं बालपण, बांगड्याचा वास आणि वारा त्या दिवशी कुठल्या दिशेचा होता, सगळं झालं. आरोपी सुभेदारांच्या चपलेवर डोकं ठेवून केव्हाच झोपला होता. शेवटी सुलूमावशी उठली, घरी गेली, मडक्यातला उरलेला बांगडा आणून तिने कुत्र्यापुढे टाकला.

"खा बाबा," ती म्हणाली. "पण ह्येंका गप कर."

असे आमचे सुभेदार वासुदेव घाडी. आता ते नाहीत. ते गेल्यावर गावात एवढी शांतता पसरली की लोकांना स्वतःच्या बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि तंटे वाढले.

अंगाने ते सुक्या बोंबलाएवढे होते. वारा सुटला की मी त्यांना माझ्या भाताच्या गिरणीच्या आत बोलवून घ्यायचो, उगाच उडून गेले तर पेन्शनीच्या कागदांचा घोळ कोण निस्तरणार. आवाज मात्र बोटीच्या भोंग्याचा. धुक्याच्या दिवसांत मच्छीमार त्यांच्या बोलण्यावरून किनारा ओळखायचे, असं मी पाहुण्यांना सांगतो आणि मच्छीमार ते नाकारत नाहीत.

त्यांची एक खोड अशी होती की ते कधी कोणाच्या समोर बसायचे नाहीत. बाजूला बसायचे. कोणी अडचणीत आहे असं दिसलं की त्याच्या उजव्या अंगाला ते स्टूल येऊन पडलंच. पोराने शाळेत काच फोडली, सुभेदार हजर. सून सासूशी भांडली, सुभेदार सुनेच्या बाजूला. आणि भांडणाने उलट वळण घेतलं तर स्टूल उचलून सासूच्या बाजूला. "जेच्यावर आरोप, तेच्या बाजूक कोणतरी व्हया," एवढंच ते म्हणायचे. माणूस चोर आहे की साव, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आणि एकदा का "मी मुद्द्यावर येतंय" असं म्हणाले, की समजायचं आता मुद्दा काही गावात परत येत नाही.

एकदा माझी कंबर धरली म्हणून मी कुडाळला डॉक्टरकडे निघालो. सुभेदार सोबत. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. सुभेदारांनी सांगायला घेतलं. कुठे दुखतंय, तेही त्यांनीच सांगितलं. उभं राहिल्यावर जास्त की बसल्यावर? सुभेदारांनी उभं राहून दाखवलं, बसून दाखवलं. मी तोंड उघडलं तर माझ्या मांडीवर हात ठेवून, "तू गप ऱ्हव रे, तुका दुखता ना." बाहेर पेशंटांची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं आणि सरळ सुभेदारांच्या दंडात टोचलं. मी म्हटलं, डॉक्टर, पेशंट मी. डॉक्टर म्हणाले, "इतक्या बारकाईने दुखणं त्यांनाच माहीत आहे." आता खरं सांगतो, माझी कंबर त्याच संध्याकाळी दुखायची थांबली.

या माणसाच्या मागे एक माणूस असायचा. भिकू. सुभेदारांच्याच वयाचा, त्यांच्याच वाडीतला, दोघे एकाच भरतीत सावंतवाडीला लष्करात लागलेले. पण सुभेदार सुभेदार होऊन आले आणि भिकू फार आधी परत आला. त्याला लष्करातून काढलं होतं, एवढंच गावाला माहीत. का, ते कोणी विचारलं नाही, कारण भिकूला वाचा आहे की नाही याबद्दलच गावात दोन पक्ष होते. तो आपला होडीला टेकून जाळी दुरुस्त करत बसायचा आणि बाजूला स्टूल टाकून सुभेदार.

"भिकू, आज म्हावरा गावला काय?" कोणी विचारायचं.

"गावला थोडा," सुभेदार सांगायचे.

"भिकू, बरो मा?"

"गुडघो धरलोहा तेचो," सुभेदार.

रेशनच्या दुकानात भिकूला कुठला तांदूळ चालतो हे सुभेदार ठरवायचे. भिकूच्या मुलीला बघायला खारेपाटणची मंडळी आली, तेव्हा बोलणी सुभेदारांनीच केली. पाहुणे निघताना सुभेदारांच्या पाया पडले आणि जाता जाता भिकूला म्हणाले, चहा छान केलात हो. भिकूने मान हलवली.

मला या जोडीचा फार वैताग यायचा. एकाचं बोलणं थांबत नाही आणि दुसऱ्याचं सुरू होत नाही, मध्ये माणसाने करायचं काय?

मग वर्तमानपत्रात एक बातमी आली. सैनिकी न्यायपद्धतीत काय काय सुधारायला हवं ते ठरवायला सरकारने चौकशी समिती नेमली होती, आणि समितीचे काही सदस्य माजी सैनिकांचं म्हणणं ऐकायला सावंतवाडीला येणार होते. ज्याला सैनिकी कोर्टाचा अनुभव आहे त्याने येऊन सांगावं. सुभेदारांनी ते वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं, आणि त्या दिवसापासून माझ्या गिरणीचे हाल सुरू झाले.

कारण समितीपुढच्या भाषणाचा सराव ते माझ्या गिरणीत करायचे. भाताच्या गिरणीच्या आवाजावर आपला आवाज चढला तर समितीच्या सभागृहात माईक लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. "अध्यक्ष महोदय," अशी सुरुवात. मग पलटणीचा इतिहास. मग रंगरूटांना मिळणारी डाळ. बर्फातल्या चौकीवर चहा कपात ओतेपर्यंत कसा गोठायचा आणि तो कोयत्याने फोडून कसा खावा लागायचा. "आता मी मुद्द्यावर येतंय," म्हणेपर्यंत दोन गावांचं भात भरडून व्हायचं. भिकू तांदळाच्या पोत्यावर बसून ऐकायचा. मुद्दा भिकूचा आहे, एवढं मला कळलं होतं. पण बर्फाच्या पुढे सुभेदारांची गाडी जाईना.

एके दिवशी मी गिरणीचा पट्टा सोडला. भिकू तेव्हा बाहेर भुसा भरत होता.

"सुभेदार," मी म्हटलं, "समितीने तुमचा चहा फोडायला बोलावलेलं नाही. भिकूचं झालं काय, तेवढं सांगा. नाहीतर उद्यापासून इथे येऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कबुतरं उठतात. पण ते स्टूल ओढून माझ्या बाजूला बसले आणि इतक्या हळू बोलायला लागले की मला कान पुढे करावा लागला.

भिकू रजेवर गावी आलेला. त्याचा धाकटा भाऊ होडी घेऊन गेला तो आला नाही. होडी खडकाला लागली, भाऊ लागला नाही. दर्यात गेलेला माणूस कधी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागतो, कधी पार पुढच्या तालुक्यात, आणि तो लागेपर्यंत घरातल्या कोणीतरी वाळू तुडवायची असते. घरात दुसरं कोण? आई. म्हणून भिकू तुडवत राहिला. रजा संपली. पलटणीला कळवायला हवं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. भाऊ मिळालाच नाही. मग एक दिवस तो आपण होऊन गाडीत बसला आणि पलटणीच्या गेटवर जाऊन उभा राहिला.

रजेपेक्षा जास्त राहिल्याचा आरोप. समरी कोर्ट मार्शल. "म्हंजे काय म्हायत आसा अण्णा? पलटणीचो साहेबच न्यायाधीश. बाकीचे दोघे बसतत, पण तेंका मत नाय. साहेब वायट नव्हतो हां. बरो होतो. पण टेबल तेचा, पेन तेचा, निकाल तेचो." आरोपीला एक मित्र घेता येतो. कायद्यात शब्दच तसा आहे, आरोपीचा मित्र. भिकूने हवालदार वासुदेव घाडी, असं नाव दिलं. मित्राने बाजूला बसायचं. कानात सांगायचं. कोर्टापुढे बोलायचं मात्र नाही.

"साहेबान इचारल्यान, गुन्हा कबूल? ह्यो म्हणता, जी साब. रजा संपल्याचं माहीत होतं? जी साब. मी तेच्या कानात सांगतंय, भावाचा सांग, भावाचा सांग रे. ह्यो मान हलयता. मगे साहेबान इचारल्यान, कुछ कहना है? ह्यो म्हणता, जी साब. बोललो इतक्याच, आणि माझ्या तोंडाकडे बघीत ऱ्हवलो. साहेब थांबलो, अण्णा. बरोच वेळ थांबलो. ह्यो आपलो माझ्याकडे बघता. माका सगळा म्हायत, आणि माझा तोंड बंद. साहेबान पेन उचलल्यान." सुभेदारांनी टोपी काढली, आतला घाम पुसला. "ह्यो एक वाक्य बोललो असतो तर ऱ्हवलो असतो नोकरीत. एक वाक्य. इतकी वर्षां झाली, अजून माका कळना नाय, ह्यो मेलो गप कित्याक बसलो."

"विचारलं नाहीत त्याला?"

"तेका काय इचारूचा? तो घाबरलो. मीच सांगतंय ना समितीक."

पट्टा परत चढवायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. कुत्र्याशेजारी स्टूल टाकणारा माणूस कुठून आला ते तेव्हा कळलं. पण म्हणून वैताग गेला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ते हजर, आणि परत चहा गोठलेला.

ठरल्या दिवशी मी माझी गाडी काढली. सुभेदार इस्त्रीच्या कोटात, पदकं लावून. भिकू धुतलेल्या सदऱ्यात मागे. मालवण सोडल्यापासून सावंतवाडी येईपर्यंत सुभेदारांनी भाषण इतक्या वेळा म्हटलं की गाडीचा हॉर्न घोगरा झाला. तलावाच्या समोरच्या एका शाळेच्या सभागृहात समिती बसलेली. दारावर एक कारकून होता, सडपातळ, गळ्यात ओळखपत्र.

"बाधित व्यक्ती कोण?" त्याने विचारलं.

"हे," सुभेदारांनी भिकूकडे बोट केलं. "आणि निवेदन करतलंय मी."

"सोबतच्या माणसाला शेजारी बसता येईल," कारकून म्हणाला. "बोलता येणार नाही. ज्याचं प्रकरण त्याने स्वतः बोलायचं."

तलावातलं पाणी त्या क्षणी किती वर उडालं याबद्दल मी नंतर वेगवेगळे आकडे सांगितलेले आहेत, त्यामुळे इथे सांगत नाही. "अरे, ह्याच बदलूक मी इलंय," सुभेदार गरजले. "ह्याच! माका बोलूक दिल्यानी नाय, ह्याच सांगूक इलंय, आणि तुमी हंय पण बोलूक देणास नाय?" आतून एक वकीलबाई उठून आल्या, पुण्याच्या, समितीच्या सदस्य. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत जाऊन अध्यक्षांशी बोलल्या. अध्यक्ष दिल्लीचे, निवृत्त न्यायमूर्ती. ते शांतपणे म्हणाले की एकाला मुभा दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, आणि मागे रांग मोठी आहे.

मला एवढा संताप आला की काय सांगू. जन्मभर ज्या माणसाच्या बोलण्याने मी किटलो, त्याला बोलू द्या म्हणून मी त्या कारकुनाशी भांडत होतो. कारकून म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, गाडीवाला. तो म्हणाला, मग मागे बसा.

सुभेदार बसले. भिकूच्या उजव्या अंगाला. आणि गप्प झाले. बाहेर तलावाच्या कठड्यावरची माणसं इकडे वळून बघायला लागली, काय बंद पडलं म्हणून. माझ्या जागेवरून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. कोट खांद्याला ताणलेला, जसं काही आतून कोणी ढकलतंय.

वकीलबाईंनी भिकूला नाव विचारलं. सगळ्यांना वाटलं आता सुभेदार सांगतात. भिकूने सांगितलं. आवाज बरा होता त्याचा, स्वच्छ. गावातला एक पक्ष त्या दिवशी जिंकला.

"काय झालं होतं?"

"माझो भाव दर्यात गेलो. मी तेका शोधूक ऱ्हवलंय. गावलो नाय. रजा संपली ता माका म्हायत होता."

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंत? तुम्हाला विचारलं होतं ना, काही सांगायचंय का?"

"होय. म्हणान मी होय म्हटलंय."

"आणि पुढे?"

"पुढे ह्येच्याकडे बघलंय." त्याने सुभेदारांकडे मान केली.

"पण त्यांना बोलायची परवानगी नव्हती."

"ता माका खंय म्हायत?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.  पोरीला समजावून सांगावं तसं भिकूने सांगितलं.

"बाय, आमच्या गावात देवाक आपणहून कोण सांगणा नाय. माणूस हात जोडून उभो ऱ्हवता. गाऱ्हाणा दुसरो घालता. ह्याच्या हातान चूक झाली, ती अशी अशी झाली, पदरात घे, सांभाळ कर, ह्या सगळा तो बोलता. आपण फक्त होय म्हाराजा म्हणूचा. ह्येचो बापूस देवळात गाऱ्हाणा घाली. कोर्टात ह्यो माझ्या बाजूक येवन बसलो. माका वाटला, आता ह्यो गाऱ्हाणा घालतलो. साहेबान काय इचारल्यान की मी होय म्हणी. माजा काम तितक्याच होता. मी वाट बघी होतंय."

कोणीतरी अध्यक्षांना हे हिंदीत सांगत होतं. सांगून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. मागे बसलेले माजी सैनिक, सगळे आमच्याच जिल्ह्यातले, खाली बघत होते. सुभेदारांचा हात भिकूच्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो हळूहळू खाली आला. एकदा ते बोलायला म्हणून पुढे झुकले. कारकुनाने नुसतं बोट वर केलं आणि ते परत मागे टेकले.

"समितीला काही सुचवायचं आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाय," भिकू म्हणाला.

वकीलबाई मग पुष्कळ वेळ लिहीत होत्या. काय लिहिलं आणि त्याचं पुढे दिल्लीत काय झालं ते मला माहीत नाही. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आलो. तलावावर ऊन होतं. मी दोघांना म्हटलं, चला, काहीतरी खाऊ. भिकू म्हणाला, चलात. सुभेदार काही म्हणाले नाहीत. गाडीपर्यंत नाही, हॉटेलात नाही. पोऱ्याने भजी की उसळ विचारलं तर दोघांची ऑर्डर भिकूने दिली. बोलणाऱ्या सुभेदारांचा मला वैताग होता, पण गप्प सुभेदारांचा तर कंटाळा येण्याइतकाही अनुभव नव्हता. काय करावं ते कळेना. मी उगाच चहा फार गोड झालाय म्हणालो.

परत निघताना भिकू गाडीचं मागचं दार उघडून आत बसत होता. सुभेदार तसेच उन्हात उभे. पदकं कोटावर वाकडी झालेली. त्यांनी दाराच्या वरच्या कडेला हात धरला आणि वाकून आत बघितलं.

"भिकू," ते म्हणाले, आणि त्यांचा तो भोंग्याचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ह्या तू माका इतकी वर्षां सांगलंस नाय कित्याक रे?"

भिकू सीटवर सरकला आणि सदरा नीट केला.

"तू बोलूक दिलंस खंय?"